इनेझ आत्याचे रमचे शेअर

मँडेविल, जमैका
रविवार, ७ जुलै १९९१

ती. लिंटनदादास,
धाकटीचा सा. न. आणि पाकिटात मावेल तेवढी माया.

तुझं पत्र मिळालं. कॅनडात एवढं ऊन असतं हे मला खरं वाटेना. आत्याला वाचून दाखवलं. तंबाखूची खालची पानं आधी तोडायची, पहाटेच्या दवात, आणि हाताला डांबरासारखा काळा चीक बसतो, इथपर्यंत तिने गप्प ऐकलं. मग म्हणाली की पुढचं मनातल्या मनात वाच. परवा चर्चमध्ये पाळकांनी तुझी चौकशी केली तर तिने सांगितलं, लिंटन पालेभाजी तोडतो. मी खाली बघत राहिले. मनात म्हटलं, पाला तर आहे, भाजी तेवढी नाही.

मी बरी आहे. शाळेचे गणवेश शिवायला आलेत. मी शाळा सोडून तीन वर्षं झाली तरी शाळा काही मला सोडत नाही, निळे झगे होऊन घरात येऊन बसते. त्या डिक्सनबाईच्या मुलीचं माप आत्याने घेतलं, कारण तिची आई फार बोलते आणि मी नुसती मान हलवते, मग झगा ढगळ होतो.

आता मोठी बातमी. आपली आत्या पेपरात आली. फोटोसकट. कात्रण सोबत आहे, जपून ठेव.

झालं असं की तिचा गुडघा धरलाय, म्हणून यंदा ती मला सोबत घेऊन किंग्स्टनला गेली. मला वाटायचं ती दर वर्षी डोळे तपासायला जाते. तर बसमध्ये तिने सांगितलं की आपण डक्सबेरी रम कंपनीच्या सभेला चाललोय, तिच्याकडे त्यांचे शेअर आहेत. मला हसूच आलं. जी बाई चर्चच्या नियमाने कॉफीसुद्धा घरात येऊ देत नाही, नाताळचा केक रमऐवजी द्राक्षाच्या रसात भिजवते, ती रमवाल्यांची मालकीण. तुला माहीत असेलच, तू मोठा. मलाच कोणी काही सांगत नाही.

सभा एका हॉटेलात होती. हॉल एवढा गार की नव्या झग्याला बाह्या लावल्या नाहीत याचं मला वाईट वाटलं. पुढे कोटवाले आकडे वाचत होते आणि मागच्या रांगेत म्हाताऱ्या बायका जेवणाची वाट बघत होत्या. आम्ही डबा नेला होता, भाजलेलं ब्रेडफ्रूट आणि आकीची भाजी. आत्या त्यांचं फक्त पाणी प्यायली, तेही ग्लास पुसून. एका आजोबांनी उठून विचारलं की यंदा पिशवी एवढी छोटी का. त्यावर सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. नफा सांगितला तेव्हासुद्धा एवढ्या वाजल्या नव्हत्या.

कारण सभा संपली की प्रत्येकाला पिशवी मिळते. टोपी, छत्री, कॅलेंडर आणि रमच्या दोन बाटल्या. निम्मे लोक त्यासाठीच येतात. आत्याने छत्री ठेवून घेतली आणि बाटल्या तिथल्या मुलीला परत दिल्या. त्या बिचारीला वाटलं हिला दुसरी हवीय, म्हणून तिने काळी रम आणली. आत्याने तीही परत दिली. तेवढ्यात फोटोवाला आला. फोटोत आत्या छान आलीय, बाटलीही छान आलीय. बाटलीला दोघींचे हात लागलेत, कोण देतंय आणि कोण घेतंय ते काही कळत नाही. खाली छापलंय, 'समाधानी भागधारक'.

मागची खोली आम्ही रंगवली, तुझ्यासाठी. फिकट हिरवी. ऑक्टोबरात हंगाम संपला की लगेच ये. घरात दोघीच असलो की आत्या मला बोलायला लावते.

पत्र चुरगळलं तरी चालेल, जीव लावलेला तसाच राहू दे.
तुझी,
व्हेरोना


सिमको, ऑन्टेरिओ
बुधवार, २४ जुलै

चि. व्हेरूस,
अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे. म्हणजे पाठ सोडून.

तुझं पत्र दुपारच्या सुट्टीत आलं. शेजारच्या खाटेवरचा बॉइझी माझ्या खांद्यावरून बघत होता. त्याने आधी बाटली ओळखली, मग विचारलं ही बाई कोण. मी सांगितलं, माझी आत्या. तो म्हणाला, काय नशीबवान आहेस. मी बाहेर जाऊन ओकलो. सगळ्यांना वाटलं तंबाखू लागली. इथे पानांचा ओला चीक अंगात मुरला की गडी ओकतातच, त्यामुळे कोणी काही विचारलं नाही.

व्हेरू, मला माहीत नव्हतं. मला कोणी सांगितलं नाही.

बाबा गेले तेव्हा तू सहा वर्षांची होतीस, तुला ते आठवतात ते खांद्यावर बसवणारे. मला दुसरेही आठवतात. बाबांच्या कारखान्याच्या फाटकासमोर मिस जेमाचं रमचं दुकान होतं. शुक्रवारी पगार व्हायचा आणि आत्या मला पाठवायची, जा, सूर्य बुडायच्या आत त्यांना घेऊन ये, शनिवारचा शब्बाथ सुरू होईल. मी दारात उभा राहायचो. आत जायची मला लाज वाटायची. बाबा हाताने खूण करायचे, आलोच म्हणून. सूर्य बुडायचा, दिवे लागायचे, मी तिथेच. त्यांच्यासमोर जी बाटली असायची ना, ती हीच. त्यावरचं जहाज मी एवढं पाहिलंय की डोळे मिटून काढून दाखवीन. त्याच बाटलीने त्यांचं लिव्हर खाल्लं.

आणि आत्या त्यांच्या सभेला जाते, छत्री घेऊन येते.

तिला सांग, शेअर विकून टाक. नाही विकले तर मी ऑक्टोबरात विमानतळावरून सरळ बॉइझीबरोबर पोर्टमोरला जाईन, त्याच्याकडे सुतारकाम मिळतंय. त्या घरात मी झोपणार नाही, रंग कुठलाही दे. तुझ्यासाठी इथे एक कापड घेतलंय, पिवळं. घेऊन येणार होतो. आता पोस्टाने पाठवीन.

तुझ्यावर राग नाही, वेडे. तू फोटो पाठवलास म्हणून तरी कळलं.

तुझ्यावर आहे तेवढाच जीव लावून बसलेला,
लिंटन


मँडेविल
गुरुवार, ८ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. हे पत्र मी तीनदा फाडलं, म्हणून उशीर.

तुझं पत्र आत्याला वाचून दाखवायचं मला धाडस झालं नाही. मी ते टेबलावर तिच्या चष्म्याजवळ ठेवलं आणि बाहेर बकरीला पाणी पाजायला गेले. बकरीने पाणी पिऊन झाल्यावरही मी पाजतच होते. आत आले तर आत्या गुंगोच्या शेंगा सोलत बसली होती. जेवताना नेहमीसारखी प्रार्थना केली, त्यात तुझं नाव आलं. नेहमी येतं तिथेच आलं, मागे नाही की पुढे नाही.

दुसऱ्या दिवशी पाळक आणि चर्चच्या मंडळीचे पंच आले. तो फोटो फक्त तुलाच गेला असं मला वाटत होतं, पण पेपर सगळेच वाचतात. यंदा आत्याला मुख्य सेविका करायचं ठरत होतं. ब्रदर प्रेंडरगास्ट म्हणाले की सिस्टर इनेझ, लोक काय म्हणतील. आत्याने त्यांना लिंबाचं सरबत दिलं आणि विचारलं की तुमच्या खालच्या गाळ्यात घोड्यांवर पैसे लावायचं दुकान अजून आहे का. ते म्हणाले, मी तर कधी घोडा पाहिलासुद्धा नाही, नुसतं भाडं घेतो. आत्या म्हणाली, मीही नुसती छत्री घेते. पाळक खोकले. निघताना ब्रदर व्हायली मागे राहिले आणि हळूच विचारून गेले की डक्सबेरीचा भाव सध्या घ्यायला बरा आहे का. हे कोणाला सांगू नकोस.

शेवटी पाळक म्हणाले, शेअर विका, मग नाव पुढे पाठवतो. आत्या म्हणाली, विचार करते.

दादा, मला बाबांचं ते काही माहीत नव्हतं. तुला दारात उभं केलेलं डोळ्यांसमोरून जात नाही. मी ते कात्रण हसत हसत पाकिटात घातलं होतं.

पण एक विचारू? रागावू नकोस, समोर असतास तर विचारलं नसतं. तू सिगरेट ओढत नाहीस. मग तू जी पानं तोडतोस ती कोण ओढतं? तूच लिहिलं होतंस की मालक चांगला आहे, शनिवारी सुट्टी देतो, पैसे वेळेवर देतो. त्या पैशातून मला पिवळं कापड. मी भांडत नाही. मला नुसतं समजत नाहीये.

कापड पोस्टाने पाठवू नकोस. ते वाटेत हरवतं.

आत्या तुला स्वतः लिहिणार आहे. तिने मला टाक आणि चांगला कागद आणायला पाठवलंय, त्यावरून मला भीती वाटते.

बहिणीला मनातून काढू नकोस एवढंच मागणं.
व्हेरोना


मँडेविल
रविवार, ११ ऑगस्ट

चि. लिंटन यास,
इनेझ आत्याचे आशीर्वाद, आणि तू जवळ असतास तर कानही पिळला असता.

तू मला काही विचारलं नाहीस, पोरीकरवी हुकूम पाठवलास. पुढच्या वेळी मला लिही. मला वाचता येतं.

तुझा बाप गेला तेव्हा कारखान्याने थोडे पैसे दिले. पाळकांनी सांगितलं, बँकेत ठेव. मी पायरीवर बसून विचार केला. माझ्या भावाने दर आठवड्याचा पगार कुठे ठेवला? बँकेत नाही, डक्सबेरीत ठेवला. वर्षानुवर्षं ठेवला आणि बदल्यात त्याला साधी पावती मिळाली नाही. म्हणून त्या पैशांचे मी त्याच कंपनीचे शेअर घेतले. मनात म्हटलं, त्याने जे तिथे ओतलं ते मी हळूहळू परत आणीन, त्याच्याच पोरांसाठी. दलाल हसला, म्हणाला बाई, तुम्ही तर पीत नाही. मी म्हटलं, घरात एकजण पुरेसं प्यायलाय.

तुझी सुतारकामाची शाळा त्यातून झाली. व्हेरोनाचं शिवणयंत्र त्यातून आलं. कॅनडाला जायच्या आधी डॉक्टरने तुझी छाती, दात, डोळे सगळं पाहिलं, ते त्यातून. तुझ्या पायातले बूटही. त्या घरात झोपणार नाही म्हणतोस, पण त्या बुटांत उभा राहूनच म्हणतोयस.

हे मी तुला गप्प करायला लिहीत नाही. माझंही मन साफ नाही. आपण प्रत्येक कमाईचा दशांश मंडळीत देतो, पण या पैशाचा मी कधी दिला नाही. देवापुढे तो ठेवायला हातच पुढे होईना. त्या दशांशातून मी मिस जेमाच्या दुकानात बसणाऱ्यांच्या पोरांना शाळेचे बूट घेते आणि कोणाकडून आले ते सांगत नाही. त्याने काही फिटतं असं मला वाटत नाही. आणि नफा वाढला असं कोटवाल्याने सांगितलं की मला आनंद होतो का? होतो, लिंटन. मग आनंद झाला म्हणून मला माझी लाज वाटते. मग बसने घरी येते आणि गुडघ्याला तेल लावून झोपते. बारा वर्षं असंच चाललंय.

तुला तेव्हा त्या दारात पाठवत होते ते मात्र चुकलं. मी स्वतः जायला हवं होतं. मंडळीतल्या बाईने रमच्या दुकानाच्या दारात दिसू नये म्हणून मी पोराला पाठवलं. तू थांबायचास ते मला माहीत होतं. किती वेळ, ते मी कधी विचारलं नाही.

आता ऐक. शेअर मी विकणार नाही आणि ठेवणारही नाही. पोरांसाठी घेतले होते, पोरं मोठी झाली, व्हेरोनालाही अठरा पूर्ण झाली. अर्धे तुझ्या नावावर करते, अर्धे तिच्या. कागद सोबत आहे, सही करून पाठव आणि तुझ्या वाट्याचं काय करायचं ते लिही. तुला घरी बोलवायला हे केलेलं नाही. घरी यायचं तर तुझं तू ये. खोली रंगवली आहे, ती काही बॉइझीला देणार नाही.

जेवत जा. तंबाखूच्या हातांनी खाऊ नकोस.

तुझ्यावर रागावलेली आणि तरीही तुझीच,
इनेझ आत्या


सिमको
सोमवार, २ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. तुमचं पत्र उशाखाली ठेवून आठवडा काढला. बॉइझीला वाटतंय मुलीचं आहे.

तंबाखूच्या हातांनी खात नाही. इथे कच्च्या टोमॅटोच्या रसाने चीक निघतो, हे नव्या पोरांना मीच शिकवतो आता.

दाराचं तुम्ही लिहिलंत. मला वाटायचं मीच भित्रा होतो, आत जाऊन हात धरून ओढायला हवं होतं. तुमच्याही मनात ते होतं हे मला माहीत नव्हतं. त्यावर जास्त लिहीत नाही, कागद ओला होतो.

पण बाकीचं मला अर्धंच पटलं, आत्या. बाबांचे पैसे तुम्ही परत आणलेत म्हणता. पहिल्या काही वर्षांचे असतील. पण नंतर बाबा कुठे पीत होते? नंतरचे पैसे दुसऱ्या कोणाच्या बापाचे होते, आणि त्याचाही पोरगा कुठल्या तरी दारात उभा असणार. बूट तुम्ही त्याला घेऊन दिलेत, पण ते घालून तो उभा राहिला तिथेच. माझ्या पायातले बूट तेव्हापासून जड लागतात. काढून ठेवले नाहीत, दुसरे नाहीत म्हणून.

व्हेरूने मला विचारलं की मी तोडतो ती पानं कोण ओढतं. त्या पोरीला बोलता येत नाही असं कोण म्हणतं. मी ओळीत वाकून दोन दिवस उत्तर शोधलं. समोरच्या खाटेवर एक ग्रेनाडाचा म्हातारा आहे, रात्रभर खोकतो, सकाळी उठून पहिली सिगरेट पेटवतो. मी त्याच्याकडे बघतो आणि पानं तोडायला जातो. मालकाने पुढच्या वर्षासाठी मला नावानिशी मागून घेतलंय. मी हो म्हटलं. म्हणजे बघा, तुम्हाला सुनवायला मी कोण.

सही केली आहे. माझे विकून टाका. मला ते नकोत, बाबांच्या आठवणीसाठीसुद्धा नकोत. पैसे आले की मागच्या अंगणात पाण्याची टाकी बांधा, तुमचा गुडघा असा असताना नळावर जाणं बंद करा. व्हेरूचे व्हेरूने ठरवावे, मी तिला काही सांगणार नाही. तिने ठेवले तर मी तोंड फुगवणार नाही, म्हणजे पहिला आठवडा फुगवीन.

मी पोर्टमोरला जात नाही. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात घरी येतोय. वाद संपला म्हणून नव्हे. पत्रातून वाद घालायला तिकिटं फार लागतात.

तुमच्या शिव्यांची वाट बघणारा,
लिंटन


मँडेविल
रविवार, २९ सप्टेंबर

ती. लिंटनदादास,
सा. न. हे पत्र तुला निघायच्या आत मिळावं म्हणून आजच टाकते.

किंग्स्टनला दलालाच्या कचेरीत मी एकटी गेले. आत्याचा गुडघा बसमध्ये चढत नव्हता, आणि मला वाटतं तिला तो चढवायचाही नव्हता. कारकुनाने दोन्ही कागद बघून विचारलं की भावाचे विकायचे आणि बहिणीचे ठेवायचे, चूक तर नाही ना. मी म्हटलं, नाही. त्याला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हटलं. तो म्हणाला, मोठ्याने बोला. मग मी एवढ्या मोठ्याने बोलले की पलीकडच्या टेबलावरचे लोक वळले. चूक नाही, आमच्या घरात दोन मतं आहेत. तो म्हणाला, फक्त दोनच? आणि शिक्का मारला.

हो, मी माझे ठेवले. का ते मला नीट सांगता येत नाही. तुझं पत्र वाचलं की विकावेसे वाटतात, आत्याचं वाचलं की ठेवावेसे. ठेवलेले पुढे कधीही विकता येतील, म्हणून तूर्त ठेवले. तुझा आठवडा तोंड फुगवायचा हक्क मान्य आहे.

आता आत्याचं. शेअर तिच्या नावावरून गेले हे पाळकांना कळलं तसे ते आनंदाने आले, म्हणाले, आता तर काही अडचणच नाही, नाव पाठवतो. मला वाटलं ती हो म्हणेल, तिला ते पद किती हवं होतं ते मला माहीत आहे, सेविकांचा पांढरा झगा तिने गुपचूप उसवून सैल करून घेतला होता. पण ती म्हणाली, अर्धे अजून याच घरात आहेत, माझ्या भाचीच्या नावावर, आणि मी तिच्याच ताटातलं जेवते. ज्या दिवशी ती विकेल त्या दिवशी विचारा. पाळकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही. पद सिस्टर मर्टलला गेलं. आत्याने तिचा झगा शिवायला मलाच दिलाय, आणि शिलाई कमी करू नकोस असंही सांगितलंय.

तुझं पत्र तिने मला मोठ्याने वाचायला लावलं. दुसऱ्या कोणाच्या बापाचं जे तू लिहिलंस तिथे तिने मला थांबवलं, पुन्हा वाच म्हणाली. मी पुन्हा वाचलं. मग ती म्हणाली की पोरगा बरोबर बोलतो, पण अर्धंच, आणि उरलेलं अर्धं ती तुला तोंडावर सांगणार आहे. तेव्हापासून भांडी घासताना ती एकटीच पुटपुटत असते. काल ऐकलं तर तुला उत्तरं देत होती. तुझ्या बाजूचीही तीच बोलत होती, आणि दादा, तुझी बाजू ती तुझ्यापेक्षा चांगली मांडते. तेव्हा येताना विमानात झोपू नकोस, नीट तयारी करून ये.

घरातले सगळे तुझ्याशी भांडायला आतुर आहेत, लवकर ये.
तुझी,
व्हेरोना